संगीत नाटकात उभं राहायचं, तर

लांज्याहून एका मुलीने विचारलं आहे: "मी २१ वर्षांची आहे. शास्त्रीय गायनात विशारद झाले, बी.कॉम. झालं. शाळेपासून गॅदरिंगच्या नाटकांत कामं केली. मला संगीत नाटकात अभिनेत्री व्हायचं आहे. यात करिअर होतं का? सुरुवात कुठून करू? आई म्हणते, हे सगळं आता संपलंय, आणि मुलींसाठी ते बरंही नाही."

तुझ्याच वयाची माझी भाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. मी मिरजेची. १९८७ साली पहिल्यांदा नायिकेची सखी म्हणून रंगमंचावर उभी राहिले. पुढे 'शारदा'तली शारदा केली, 'सौभद्र'मधली सुभद्रा केली, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तली सिंधूही केली. गेली दहाएक वर्षं माझा बराचसा वेळ मुलींना पदं, म्हणजे नाटकातली गाणी, बसवून देण्यात जातो. तेव्हा जे सांगते आहे ते स्वतः केलेलं, पाहिलेलं आणि काही बाबतींत चुकलेलंही आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण तुझ्या आईच्या मनात तेच आहे आणि ते योग्यच आहे. नुसत्या संगीत नाटकाच्या नाइटवर, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनावर, घर चालत नाही. माझी पहिली नाइट ४० रुपयांची होती, शिवाय जेवण आणि एसटीचं भाडं. माझ्या सगळ्यात भरगच्च वर्षात ६४ प्रयोग झाले आणि सगळ्यात कोरड्या वर्षात पाच. यामागचं कारण समजून घे, म्हणजे कुणावर रागावत बसणार नाहीस. दोन-तीन पात्रांचं गद्य नाटक एका टेम्पोत आणि एका छोट्या गाडीत मावतं. 'सौभद्र' न्यायचं तर दहा-बारा नट, ऑर्गन, तबला, व्हायोलिन, रंगभूषा-वेशभूषेची माणसं, पडदे आणि ट्रंका असा सगळा संसार न्यावा लागतो. तिकीट मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणून जुनी संगीत नाटकं आज बहुतेक महोत्सवांत, स्पर्धांत, एखाद्याच्या स्मृतिदिनाला, दिवाळीच्या आसपास होतात. शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिरातींत ती अभावानेच दिसतात.

तरीही "संपलं" हे मला मान्य नाही. २०१७ साली प्राजक्त देशमुख यांचं 'देवबाभळी' आलं. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि रखुमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघींनी ते गात आणि बोलत पेललं. व्यावसायिक रंगभूमीवर ते वर्षानुवर्षं चाललं, तरुण मुलं रांग लावून पाहायला आली. त्याच्यात ऐतिहासिक शालूही नाहीत आणि तानांची आतषबाजीही नाही. पण गाणं काढून घेतलं तर नाटक उरणार नाही, इतकं ते गाण्यात मुरलेलं आहे. तुझ्या पिढीचं काम या बाजूने येणार आहे, अशी माझी धारणा आहे. त्यासाठी जी तयारी लागते ती मात्र जुन्या नाटकांतच सगळ्यात चांगली होते.

आता तुझ्या विशारदकडे येते. परीक्षेत तुला राग मांडायला शिकवलं. नाटकात राग मांडून होईपर्यंत कुणी थांबलेलं नसतं. 'सौभद्र'मध्ये बलराम आपल्या बहिणीचं लग्न दुर्योधनाशी लावून द्यायला निघालेला असतो, आणि त्या बहिणीकडे वेळ नसतो.

सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' तुला येत असेलच. दहा मुलींना हे पद म्हणायला लावलं तर आठजणी 'वदजाऊ' असा एकच शब्द करतात. जोगिया रागाचा कोमल ऋषभ इतका गोड लागतो की शब्द त्यात विरघळून जातो. 'वद' म्हणजे सांग. सुभद्रा सांग असं म्हणते आहे. कुणाला? पुढे येतंच, 'अग सखये'. म्हणजे ती प्रेक्षकांशी बोलत नाही, आकाशाकडेही बघत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला विचारते आहे की बाई गं, मी आता कुणाचे पाय धरू? तुझं तोंड कुठे असायला हवं, हात कुणाच्या हातात असायला हवा, 'वद'नंतर किती थांबायला हवं, हे सगळं त्या दोन शब्दांत लिहून ठेवलेलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ते लिहिलं. आपण ते वाचत नाही, नुसतं गातो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलीला मी पहिला आठवडा पेटी उघडू देत नाही. आधी पदाचा अर्थ तिने आपल्या घरच्या भाषेत बोलायचा. लांज्याला तुम्ही आईशी जसं बोलता तसं. मग त्याच तळमळीने पदातले मूळ शब्द बोलायचे, सूर न लावता. बोलताना श्वास जिथे आपोआप तुटतो तिथे पेन्सिलने खूण करायची. मग सूर. गाताना श्वास शक्यतो त्याच खुणांवर घ्यायचा. हे इतकं साधं आहे की मुलींना पहिल्यांदा पटत नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांचं त्यांनाच ऐकू येतं की आपण आता बोलतो आहोत.

संवादातून पदात शिरणं ही या कामातली सगळ्यात अवघड जागा. शेवटचं वाक्य बोलून झालं, मग नटी दोन पावलं पुढे आली, ऑर्गनने सूर दिला, तिने घसा साफ केला, मग पद सुरू झालं, असं जिथे होतं तिथे प्रेक्षक पाठ टेकून बसतो. त्याला कळतं की नाटक थांबलं, आता गाणं. चांगला ऑर्गनवाला तुझं शेवटचं वाक्य सुरू असतानाच अगदी हलका सूर धरतो. तुझं वाक्य त्या षड्जाच्या, म्हणजे सा-च्या, दिशेने उतरत यायला हवं. वाक्य नेमकं षड्जावर आपटू नकोस, ते खोटं वाटतं. पंचमाच्या आसपास बोलत असलीस तर उतरत उतरत जवळ ये, म्हणजे पहिला स्वर शोधावा लागत नाही. हे एकटीने घरी जमत नाही. त्यासाठी ऑर्गनवाल्याबरोबर बसावं लागतं, दहा वेळा, वीस वेळा. मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाई म्हणायच्या की नटीने नायकाशी एकवेळ अबोला धरावा, ऑर्गनवाल्याशी धरू नये.

आणि पदातून बाहेर येणं त्याहून अवघड. टाळी येते, त्या टाळीत चेहरा सैल पडतो. सुभद्रा जाते आणि गाणारी बाई उरते. टाळी संपेपर्यंत पात्र धरून उभं राहायचं, हलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. वन्समोअर आला तर काय करायचं, यावर जुन्या मंडळींत खूप वाद व्हायचे. माझं मत असं आहे की पहिल्या अंकात, प्रसंग हलकाफुलका असेल तर घ्यावा, ती आपली परंपरा आहे आणि त्यात आनंद आहे. पण 'एकच प्याला'त पद्माकर बहिणीला माहेरी न्यायला आलेला असतो, सिंधू दारुड्या नवऱ्याचे पाय सोडायला तयार नसते आणि 'कशि या त्यजू पदाला' म्हणते. तिथे कितीही टाळ्या पडल्या तरी मी वन्समोअर घेतला नाही. एकदा म्हटलं की बाईने निर्णय घेतला. तोच निर्णय ती दुसऱ्यांदा कसा घेणार?

तानांचंही तसंच आहे. तबकडीवर जुनी पदं सुमारे तीन मिनिटांत बसवलेली ऐकशील. त्यातली गच्च बांधणी नीट ऐक. काय ठेवलं, काय गाळलं ते बघ. नाटकात तू पाच मिनिटं घे, सात घे, पण प्रत्येक आवर्तनाला समोरचा नट काय करतो आहे याचं भान ठेव. तू आलापी करत राहिलीस आणि तो खांबासारखा उभा राहिला, तर दोष त्याचा नाही.

गद्याचा रियाज गाण्याइतकाच करायचा आहे, आणि इथेच गाणाऱ्या मुली मागे पडतात. सकाळी तासभर खर्ज लावतात, पण पाच मिनिटंही मोठ्याने वाचत नाहीत. 'शारदा'चे नाटककार देवल आपलं घरगुती लिहितात, ते बोलायला सोपं वाटतं. 'स्वयंवर'चे खाडिलकर आणि 'एकच प्याला'चे गडकरी यांची लांब वाक्यं पेलायला फुप्फुस आणि अक्कल दोन्ही लागतात. रोज एक पान मोठ्याने वाच. दंत्य आणि तालव्य च-ज-झ वेगळे करून वाच, ण आणि ळ खाऊ नकोस. बोलीची लाज बाळगू नकोस, ती जप. कोकणी हेलाचं पात्र मिळालं तर तेच तुझं भांडवल. फक्त रुक्मिणी बोलताना तो हेल आपोआप येऊ नये, आणायचा तेव्हाच यावा.

आता पट्टीबद्दल, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून गायचं त्याबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि मुलींचे गळे उगीच खराब होतात. 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात झालं, आणि तिथून पुढची पन्नासेक वर्षं आपल्या बहुतेक नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. नुसत्या बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या, तिथे पुरुषांच्या भूमिका बायका करत. पण गाजलेल्या मंडळ्यांत नायिका पुरुषच. 'स्वयंवर' १९१६चं, 'एकच प्याला' १९१९चं. रुक्मिणी आणि सिंधू या भूमिका बालगंधर्वांनी घडवल्या. म्हणजे आपण ज्यांना नायिकेची पदं म्हणतो त्यांतली पुष्कळशी पुरुषाच्या गळ्यावर बसलेली आहेत. ती जशीच्या तशी आपल्या पट्टीत उचलली तर काही जागा, म्हणजे सुरांची खास वळणं, फार वर जातात, काही खाली दबतात. जागा बदलाव्या लागतात. ज्या स्वरावर ते पसरले तिथे तुला कदाचित नुसता स्पर्श करून यावं लागेल. यात अनादर नाही. शिवाय नायकाचं आणि तुझं पद एकाच प्रवेशात असलं की दोन पट्ट्या आल्या. तो काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) गात असेल आणि तू काळी चारमध्ये, तर त्याचा पंचम तो तुझा षड्ज. हे गणित जमून येतं आणि कानाला धक्का बसत नाही. तुझी पट्टी काळी पाच असेल तर वेगळा विचार करावा लागतो. तबलजीला दोन तबले लावून ठेवावे लागतात. म्हणून तालमीच्या पहिल्याच दिवशी आपली पट्टी स्वच्छ सांगायची. दिग्दर्शक म्हणाले, "जरा चढवा, रंगेल," तर नम्रपणे नाही म्हणायचं.

पट्टीइतकीच महत्त्वाची गोष्ट हालचालींची. लाजणं, पदर सावरणं, मान वेळावणं याच्या ज्या ठरीव लकबी संगीत नाटकात आल्या, त्या पुरुष नटांना गरजेच्या होत्या. त्यांना आधी बाई उभी करायची होती, मग रुक्मिणी. बालगंधर्वांनी ती अशी उभी केली की घरंदाज बायका त्यांचं नेसणं पाहून तसं नेसायला लागल्या. तुला बाई उभी करायची नाही, ती तू आहेस. तुला थेट रुक्मिणीपासून सुरुवात करता येते. त्या लकबी उचलणाऱ्या मुली मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं. पुरुषाने केलेली बाईची नक्कल बाई पुन्हा करते आहे, आणि तिचं स्वतःचं चालणं-बोलणं विंगेतच राहून गेलं आहे.

या वाटेने आधी गेलेल्या बायकांची आयुष्यं माहीत करून घे. करिअर म्हणजे काय, हे त्यांच्यावरून जास्त कळतं. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक मंडळी काढली. मंडळी फार काळ टिकली नाही, पण बाईंनी मैफलीच्या गाण्यावर आयुष्य उभं केलं. १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. गोव्याच्या बांदिवड्याची ही मुलगी, वय १९. संगीतकार केशवराव भोळ्यांनी त्या नाटकात मोजकी आणि लहान गाणी ठेवली, बोलण्यातून सहज उमलणारी. आज तू ज्याला अभिनयाचं गाणं म्हणशील त्याची वाट तिथून निघते. पुढे १९४२ साली रांगणेकरांच्या 'कुलवधू'त त्यांनी भानुमती केली. कमावत्या नटीची आणि तिच्या संसाराची ती गोष्ट आहे. तुझी आई आणि तू दोघींनी ते नाटक मिळवून वाचा. आज घरात जे बोलणं चाललं असेल, त्यातलं बरंचसं त्यात आहे.

जयमाला शिलेदार तरुणपणी प्रत्यक्ष बालगंधर्वांबरोबर काम करून तयार झाल्या. १९४९ साली जयराम शिलेदारांबरोबर त्यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि संगीत नाटकाला वाईट दिवस आले तेव्हाही गावोगाव प्रयोग करत राहिल्या. मुलीही त्यातच वाढल्या. कीर्तीताई शिलेदारांना मी विंगेत बसून पाहिलं आहे. विद्याधर गोखल्यांच्या 'स्वरसम्राज्ञी'त तमाशात गाणारी बाई ख्यालगायिका होते. एकाच नटीने लावणीचा ठसका आणि बंदिशीचा ठेहराव दोन्ही द्यायचे. कीर्तीताईंचा आवाज बदलायचाच, पण त्याआधी उभं राहणं बदलायचं, खांदे बदलायचे. ती तयारी घरात, लहानपणापासून झालेली. आपल्यासारख्यांच्या घरी मंडळी नसते, म्हणून आपल्याला ती शोधत जावी लागते. २०१८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, २०२२च्या जानेवारीत गेल्या.

दुसरी वाट आशालता वाबगावकर आणि फैय्याज यांची. आशालताताई गोव्याच्या. १९६४च्या 'मत्स्यगंधा'तली सत्यवती त्यांनी केली, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत होतं. पुढे सिनेमात त्यांची मोठी कारकीर्द झाली. फैय्याजबाई सोलापूरच्या. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'त वसंतराव देशपांडे खाँसाहेब आणि त्या झरीना. त्यांनी गद्य नाटकं केली, सिनेमे केले, लावणीही गायली. या दोघींकडे बघ म्हणजे कळेल की गाणारी नटी गाण्यातच अडकून पडते, हे खरं नाही. ज्यांचं गद्य पक्कं होतं त्यांना सगळे दरवाजे उघडले.

आता शरीराचं. १९९६च्या डिसेंबरात विदर्भात आमचा सहा प्रयोगांचा दौरा होता. दुसऱ्या गावात मला सर्दी झाली. तिसऱ्या गावात ध्वनिव्यवस्था अर्ध्यात बंद पडली आणि मी गद्य ओरडून बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून. कंत्राटदार म्हणाला, प्रयोग रद्द झाला तर सगळ्यांचं नुकसान. मी आणखी तीन रात्री गायले. घरी आल्यावर आवाजच उमटेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरतंतू सुजले आहेत आणि गाठ धरायला लागली आहे. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजायलाही बंदी, कारण कुजबुजण्यानेही ताण येतो. रंगमंचावर परत यायला मला पाच महिने लागले, आणि वरचा षड्ज पूर्वीसारखा मोकळा लागायला त्याहून अधिक. तेव्हा शिकले की गळा गाण्याने जितका बिघडतो त्याहून जास्त ओरडून बोलण्याने बिघडतो. आवाज बसला असेल तर प्रयोग सोड. त्यासाठी प्रत्येक संचात तुझी भूमिका पाठ असलेली दुसरी मुलगी असायला हवी. नसेल तर तसा आग्रह धर. कुणी नाराज झालं तर होऊ दे.

बाकी काळजी साधीच आहे. प्रयोगाआधी दोन-अडीच तास पोटभर खाऊ नये. बसमध्ये रात्री गप्पा मारत प्रवास करू नये, इंजिनाच्या आवाजावर बोलताना गळा दमतो. ज्येष्ठमध चघळलं तर बरं वाटतं, पण ते औषध नाही, विश्रांती हेच औषध. तालीम सलवार-कमीजमध्ये करून प्रयोगात एकदम नऊवारी नेसलीस तर पहिल्या लांब तानेला कळेल की कासोटा आणि कमरपट्टा श्वास किती अडवतात. शेवटचे आठ दिवस तालीम नऊवारीतच, गंगावन (खोटे केस) आणि दागिन्यांसकट. कॉलर माइक असेल तर बांगड्यांचा आणि मंगळसूत्राचा आवाज थेट स्पीकरवर जातो, तेही तालमीतच तपासायचं. आणि तालुक्याच्या गावांतल्या कित्येक नाट्यगृहांत रंगपटाजवळचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं. पाळीच्या दिवसांत नऊवारीत तीन तास काढायचे असतात. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी लिहिते. गावात पोचल्यावर बायकांनी आधी ते बघायचं आणि व्यवस्थापकांना तिथल्या तिथे सांगायचं.

सुरुवात कुठून? तू रत्नागिरी जिल्ह्यात आहेस, हे तुझं भाग्य. रत्नागिरीची 'खल्वायन' ही संस्था वर्षानुवर्षं संगीत नाटकं करत आली आहे. तिथे जा, तालमीला बसायची परवानगी माग. पहिल्या दिवशी भूमिका मागू नकोस. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते. हौशी संस्था तिच्यासाठी महिनोन्महिने तालमी करतात, आणि तुझ्यासारख्या मुलींना पहिली भूमिका बहुधा तिथेच मिळते. तिथे गाण्याचं आणि अभिनयाचं बक्षीस वेगळं दिलं जातं. गाणाऱ्या मुलींना पहिलं लवकर मिळतं. तू दुसऱ्यावर डोळा ठेव.

गोवा तुला जवळ आहे. तिथे देवळांच्या उत्सवांत संगीत नाटकं होतात, कला अकादमी स्पर्धा घेते. गोव्याचा प्रेक्षक कसा असतो ते एकदा अनुभव. समोरची आजी तुझ्याबरोबर ओठ हलवत पद म्हणत असते, तू जागा चुकवलीस की तिचे ओठ थांबतात. त्याच्याइतका कडक परीक्षक मला कुठे भेटला नाही.

रीतसर शिक्षण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. संगीत नाटकासाठी म्हणून तिथे जाऊ नकोस. शरीर, आवाज, संहिता वाचणं, प्रकाशात उभं राहणं यांसाठी जा. पदं तुला गुरूकडूनच घ्यावी लागतील. पुण्यात भरत नाट्य मंदिर, मुंबईत साहित्य संघ, विद्याधर गोखले संगीत-नाट्य प्रतिष्ठान यांनी संगीत नाटकाचं काम चालू ठेवलं आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जात राहा. ओळखी अशाच होतात.

पहिली भूमिका सखीची मिळाली तर तोंड पाडू नकोस. मी दोन वर्षं सखी होते. नायिका सात मिनिटं गाते तेव्हा तिच्याकडे बघत, तिचं ऐकत, जिवंत उभं राहायचं. ऐकण्याचा अभिनय मी त्या दोन वर्षांत शिकले, पुढे सुभद्रा करताना तोच कामाला आला.

आणि दुसरा पाय पहिल्यापासून रोवून ठेव. आकाशवाणीची ऑडिशन दे. बी, बी हाय, ए अशा श्रेणी असतात, प्रत्येक पायरीला मान आणि मानधन दोन्ही वाढतं. नाट्यसंगीताच्या मैफली कर. गाण्याचे वर्ग घे, निवेदन कर, डबिंग कर, मालिकेत काम मिळालं तर कर, पण तारखांचं आधी स्पष्ट बोलून घे, कारण मालिकेच्या शूटिंगने तालमी खाऊन टाकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तुझी बी.कॉम.ची पदवीही उपयोगी आहे. माझ्या ओळखीच्या दोन उत्तम गाणाऱ्या नट्या बँकेत नोकरी करून पंचविशी-तिशीतले सगळे प्रयोग करत आल्या, आणि पैशाची ददात नसल्यामुळे त्यांना वाईट नाटकं नाकारता आली. वयाची चिंता या क्षेत्रात थोडी कमी आहे. गळा आणि चाल टिकली तर पंचेचाळिशीतली सुभद्रा प्रेक्षक मनापासून स्वीकारतो. त्यानंतर आईच्या भूमिका येतात, त्यांत पदं कमी असतात, म्हणून चाळिशीपासूनच शिकवायला आणि बसवायला लागावं.

राहिला आईंचा शेवटचा मुद्दा, मुलींसाठी बरं नाही हा. तो मी उडवून लावणार नाही. माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं, आणि सगळी माणसं चांगली भेटली असं माझ्या बाबतीतही झालेलं नाही. दौऱ्यावर जाण्याआधी विचारायचं की राहायची सोय कुठे आहे, खोलीत आणखी कोण आहे, परतीची गाडी किती वाजता निघते. उत्तर टाळलं गेलं तर जायचं नाही. नाइट किती आणि कधी मिळणार हे निदान मेसेजवर लिहून घ्यायचं. भूमिकेबद्दल बोलायला कुणी एकटीला घरी किंवा हॉटेलवर बोलावलं, तर तालमीच्या जागीच बोलू म्हणून सांगायचं. ज्याला खरंच काम द्यायचं असतं तो तालमीच्या जागी बोलतो. संचातल्या वयाने मोठ्या बाईशी पहिल्या दिवसापासून जवळीक ठेव. आम्ही मोठ्या बायका नव्या मुलींकडे लक्ष ठेवतो, ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

आईंना सांग, पहिल्या दोन-तीन प्रयोगांना तुझ्याबरोबर यावं. मी सुभद्रा करायला लागले तेव्हा माझी आई आली होती. पहिल्या दिवशी विंगेत खुर्ची टाकून रागाने बसली होती. दुसऱ्या प्रयोगाला तिने माझा कासोटा घट्ट केला. तिसऱ्या प्रयोगानंतर मेकअप उतरवताना म्हणाली, दुसऱ्या अंकातल्या पदात 'सखये' म्हणताना तू तिच्याकडे बघत नाहीस.